संच कार्टमधून काढ आधी

अगं बयो, रात्री अकरा वाजता फोन करून तू विचारतेस काय, तर "ताई, शोस्ताकोविचच्या सिम्फनींचा अख्खा संच घेऊ का?" आणि मी तोंड उघडायच्या आत सांगतेस, की अकरा सीडी आहेत, कार्टमध्ये टाकल्यात, सवलत सकाळपर्यंतच आहे. सवलत जाऊ दे. ती पुढच्या महिन्यात पुन्हा येईल. तू तो संच आधी बाहेर काढ आणि चहा घेऊन बस. मला काय म्हणायचंय ते ऐक, मग तुला हवं ते कर. नाहीतरी तू तेच करतेस.

तुला तो वॉल्ट्झ आवडला, त्यात नवल नाही. कुब्रिकच्या 1999 च्या सिनेमात तो वाजला आणि जगभरच्या लोकांना शोस्ताकोविच म्हटलं की तेवढाच आठवायला लागला. पण त्या वॉल्ट्झवरून त्या माणसाचा अंदाज बांधणं म्हणजे बाईचा लग्नातला फोटो बघून तिच्या संसाराचा अंदाज बांधणं.

मी हीच चूक केलीय, म्हणून बोलतेय. नोकरीतल्या पहिल्या बोनसचे पैसे घेऊन मी काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये गेले होते. (2016 मध्ये ते दुकान बंद झालं तेव्हा मी खरोखर रडले, हसू नकोस.) संच घरी आणला आणि कादंबरी वाचावी तशी पहिल्या पानापासून सुरुवात केली. पहिली सिम्फनी झकास निघाली. एकोणिसाव्या वर्षी, कॉन्झर्वेटरीच्या शेवटच्या परीक्षेसाठी लिहिलेली. वडील गेलेले, घरात पैसा नाही, म्हणून हा पोरगा मूकपटांच्या थिएटरात पडद्यासमोर बसून पियानो बडवायचा. तो सगळा खट्याळपणा तिच्यात उतरलाय. मग दुसरी लावली. क्रांतीला दहा वर्षं झाली म्हणून लिहिलेली, मध्येच कारखान्याचा भोंगा वाजतो आणि शेवटी समूहगान. तिसरी मे दिनाची. शेवटी पुन्हा समूहगान. मी संच कपाटात ठेवला, तो चार वर्षं काढला नाही.

तर माझं म्हणणं एवढंच आहे, की पंधरा सिम्फनी एका माणसाच्या हातून ऐकण्याआधी एक सिम्फनी दोन माणसांच्या हातून ऐक. माणसं म्हणजे कंडक्टर. बसचा नव्हे, वाद्यवृंदाचा. आपल्याकडे एकच बंदिश दोघांनी गायली तर दोन वेगळ्या मैफली होतात, पण तिथे गाणाऱ्याला मोकळीक असते. इथे सूर न् सूर लिहिलेला असतो. तरीही दोन कंडक्टर एकाच कागदातून एकमेकांच्या विरुद्ध दोन गोष्टी सांगतात. शोस्ताकोविचच्या बाबतीत हे जितकं होतं तितकं मी दुसऱ्या कुणाच्या बाबतीत ऐकलेलं नाही.

पाचवीपासून सुरुवात कर. ती का लिहिली हे माहीत नसेल तर ऐकण्यात अर्धीच मजा.

1936 च्या जानेवारीत स्तालिन त्याचा ऑपेरा बघायला आला आणि संपायच्या आत उठून गेला. दोन दिवसांनी, 28 तारखेला, 'प्रावदा'त त्या ऑपेरावर झोड उठवणारा लेख आला. लेखावर सही नव्हती. त्या काळात सही नसली, की लेख कुणाच्या मर्जीने आलाय ते न सांगता कळायचं. शोस्ताकोविच तेव्हा चौथी सिम्फनी लिहीत होता. ती पुरी झाली, तालमी सुरू झाल्या आणि डिसेंबरात त्याने ती मागे घेतली. सासू छावणीत, बहीण हद्दपार, बहिणीचा नवरा अटकेत, आणि ज्या मार्शल तुखाचेव्स्कीचा त्याला आधार होता त्याला 1937 च्या जूनमध्ये गोळी घातली. अशा वर्षात त्याने पाचवी लिहिली. 21 नोव्हेंबर 1937 ला लेनिनग्राडमध्ये ती वाजली. कंडक्टर होता चौतीस वर्षांचा येव्गेनी म्राविन्स्की, तोवर फारसा कुणाला माहीत नसलेला. तिसऱ्या भागात, त्या संथ लार्गोत, सभागृहातली माणसं उघड रडत होती. संपल्यावर टाळ्या अर्धा तास थांबल्या नाहीत. त्या भागात एकही पितळी वाद्य नाही, हे ऐकताना लक्षात ठेव. ट्रंपेट-ट्रॉम्बोनवाले नुसते बसून असतात.

पण खरी गंमत चौथ्या भागाच्या शेवटी आहे. नगारे, ट्रंपेट, सगळा वाद्यवृंद डी मेजरमध्ये जयघोष करतो आणि व्हायोलिनं व बासऱ्या एकच सूर धरून ठोकत राहतात, अडीचशेच्या आसपास वेळा. हा जयघोष कोणत्या लयीत करायचा? छापील प्रतींमध्येच घोळ आहे. एका आवृत्तीतला लयीचा आकडा दुसरीच्या जवळजवळ दुप्पट पडतो. म्हणजे एका प्रतीवरून वाजवलं तर मिरवणूक धावत सुटते, दुसरीवरून वाजवलं तर तीच मिरवणूक साखळदंड ओढत चालल्यासारखी वाटते.

धावती ऐकायची तर लिओनार्ड बर्नस्टाइन आणि न्यूयॉर्क फिलहार्मोनिक, 1959. त्याच वर्षी ते लोक सोव्हिएत रशियाच्या दौऱ्यावर जाऊन आले होते. मॉस्कोत त्यांनी ही सिम्फनी वाजवली तेव्हा शोस्ताकोविच सभागृहात होता आणि नंतर मंचावर आला. परत आल्यावर ऑक्टोबरात बॉस्टनमध्ये त्यांनी ती ध्वनिमुद्रित केली. शेवटचा भाग जेमतेम नऊ मिनिटांत उरकतो. बर्नस्टाइनचं टोकियोतलं 1979 चंही आहे, तेही चांगलं आहे, पण आधी 1959 चं ऐक.

जड पावलांची ऐकायची तर म्राविन्स्की. त्याची पाचवीची बरीच ध्वनिमुद्रणं आहेत. मला 1973 चं टोकियोतलं भावतं. तोवर त्या वाद्यवृंदाबरोबर त्याला पस्तीस वर्षं झाली होती आणि वाजवणाऱ्यांना त्याच्या भुवईची हालचाल पुरत असावी असं वाटतं.

आता एक गोष्ट सांगते, ती आईला सांगू नकोस. पूर्वी मी जिथे नोकरीला होते तिथे एका बैठकीत मी म्हणाले, की हा आकडा खोटा आहे. आकडा खोटाच होता. दुसऱ्या दिवशी माझ्याकडून माफीपत्र लिहून घेतलं आणि पुढच्या बैठकीत ते मलाच उभं राहून वाचायला लावलं. वाचून झालं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बयो, मीही वाजवल्या. त्या रात्री घरी येऊन मी चार वर्षांनी तो संच कपाटातून काढला आणि काही न ठरवता पाचवी लावली. त्या संचातला शेवट संथ होता. मला त्यात आमच्या बैठकीतल्या टाळ्या ऐकू आल्या, आणि त्यांत माझ्याही. माझी फक्त नोकरी पणाला लागली होती, तिथे माणसांचे जीव जात होते. तुलना करत नाही. पण त्या शेवटात आनंद नाही, आनंदाची हजेरी लावलीय, हे मला त्या दिवशी कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

त्यानंतर कित्येक वर्षं मी बर्नस्टाइनला नावं ठेवायचे. अमेरिकन माणूस, त्याला काय कळणार भीती म्हणजे काय, असं माझं ठाम मत. ती नोकरी सोडली त्या संध्याकाळी त्याचंच लावलं आणि स्वयंपाकघरात एकटी नाचले. शोस्ताकोविचने म्हणे त्यालाही दाद दिली होती. तेव्हा खरा शेवट कोणता, हा प्रश्न मी सोडून दिलाय. तू दोन्ही ऐक आणि तुला कोणता पटतो ते मला कळव, म्हणजे तुझं सध्या कसं चाललंय ते न विचारता कळेल.

याच ओघात एक सावधगिरीची सूचना. वोल्कोव्हचं 'टेस्टिमनी' नावाचं पुस्तक 1979 मध्ये आलं. शोस्ताकोविचने सांगितलेल्या आठवणी, असा त्याचा दावा. त्यात प्रत्येक सिम्फनीखाली दडलेला अर्थ सांगितलाय. त्यातलं किती खरं त्याचं आणि किती वोल्कोव्हचं यावर अभ्यासक अजून भांडतायत. ते वाच, पण सिम्फनी ऐकून झाल्यावर. आधी वाचलंस तर प्रत्येक ढोलात तुला स्तालिन दिसायला लागेल आणि संगीत ऐकायचंच राहून जाईल. माझं वर्षभर तसं झालं होतं.

पाचवीनंतर दहावी. दहावी म्हटलं की तुझ्या पोटात गोळा येतो, माहितेय, पण ही बोर्डाची नाही. स्तालिन 5 मार्च 1953 ला गेला, ही त्याच डिसेंबरात वाजली. मोठ्या संथ पहिल्या भागानंतर चार मिनिटांचा दुसरा भाग येतो तो अंगावरच. तिसऱ्या भागात त्याने स्वतःचं नाव सुरांत लिहिलंय. जर्मन अक्षरांनी डी, एस, सी, एच. तुझ्या पेटीवर पांढरी एक सा धर आणि वाजव: रे, कोमल ग, सा, आणि खालच्या सप्तकातला शुद्ध नी. वाजवलंस? हा त्याचा सहीचा शिक्का. पुढे कित्येक रचनांत तुला तो भेटेल. आणि त्याच भागात हॉर्न एक लहानसा पुकार करतो, तोही वाजव: ग, ध, ग, रे, ध. बारा वेळा येतो. कित्येक वर्षं कुणाला कळलं नव्हतं हे काय आहे. मग उलगडलं, की ते एल्मिरा या नावाचे सूर आहेत. एल्मिरा नाझिरोवा, बाकूची, त्याची विद्यार्थिनी. त्या उन्हाळ्यात तो तिला पत्रांवर पत्रं लिहीत होता. म्हणजे लोक ज्या सिम्फनीत स्तालिनची तसबीर शोधत होते तिच्या मधोमध हा बाबा एका मुलीला हाका मारत बसला होता. मला हे कळल्यावर तो माणूस एकदम आपला वाटायला लागला.

दहावीसाठी कारायान. हो, तोच, बर्लिनचा, नाझी पक्षाचा सदस्य राहिलेला. शोस्ताकोविचच्या सगळ्या सिम्फनींतली त्याने ही एकच ध्वनिमुद्रित केली, 1966 मध्ये एकदा आणि 1981 मध्ये पुन्हा. 1969 मध्ये बर्लिन फिलहार्मोनिक घेऊन तो मॉस्कोत गेला आणि शोस्ताकोविचसमोर हीच वाजवली. माझा कौल 1966 च्या बाजूने. 1981 चं जास्त चकचकीत आहे, पण दुसऱ्या भागात मला चकाकी नको असते. आणखी एक अन्चेर्लचं आहे, चेक फिलहार्मोनिकबरोबर, 1955 चं. कारेल अन्चेर्ल ऑशविट्झमधून जिवंत परतलेला माणूस. आवाज जुना आहे, एकाच वाहिनीचा, पण पहिला भाग जिथे चढत जातो तिथे मी दर वेळी हातातलं काम खाली ठेवते.

आणि हे फार लोक सांगत नाहीत: 1954 मध्ये शोस्ताकोविचने स्वतः, आपला मित्र मिएचिस्वाव वाइनबर्गबरोबर, हीच दहावी पियानोवर चार हातांनी वाजवून ध्वनिमुद्रित केली. वाद्यवृंद नाही, रंग नाहीत, नुसता सांगाडा. घाईघाईने, काहीसं खडबडीत वाजवलंय. मोठ्या वाद्यवृंदाचं दोन-तीन वेळा ऐकून झाल्यावर एकदा हे ऐक. लेखकाने आपलंच हस्तलिखित मोठ्याने वाचून दाखवावं तसं वाटतं.

आता अकरावीचा किस्सा, कारण तो तुझ्याही घरी घडणार आहे. अकरावी 1905 सालची गोष्ट सांगते. पीटर्सबर्गच्या राजवाड्यासमोर निःशस्त्र लोक अर्ज घेऊन जमले आणि सैन्याने गोळ्या चालवल्या, ते. पहिला भाग म्हणजे पहाटेचा रिकामा चौक. पंधरा मिनिटं जेमतेम कुजबुज. मी म्हटलं, मशीन बिघडलं, आणि आवाज वाढवत गेले. दुसऱ्या भागात गोळीबार सुरू झाला तेव्हा आतल्या खोलीत सासूबाई झोपल्या होत्या. पुढचं सांगत नाही. शोस्ताकोविच ऐकताना आवाज एकदाच लावायचा आणि हात लावायचा नाही. ऐकू येत नसेल तर पंखा बंद कर. कुकरच्या शिट्ट्या संपल्यावर बस. मोबाइलच्या स्पीकरवर तर लावूच नकोस, निम्मी सिम्फनी ऐकू येणार नाही आणि उरलेली फाटकी येईल. बरा हेडफोन घे, संचाच्या पैशांत येतो.

अकरावीला स्टोकोव्स्की घे. 1958 च्या एप्रिलमध्ये त्याने ती अमेरिकेत पहिल्यांदा वाजवली ती ह्यूस्टनच्या वाद्यवृंदाबरोबर, आणि त्याच वर्षी तिथेच ध्वनिमुद्रित केली. सुरुवातीच्या काळातल्या स्टिरिओतलं असूनही तो रिकामा चौक डोळ्यांसमोर उभा राहतो. सत्तरी ओलांडलेला माणूस, आणि शेवटी घंटा वाजतात तिथे पोराच्या उत्साहाने तुटून पडलाय. बारावी? बारावी मी दोनदा ऐकली आणि दोन्ही वेळा नापास केली.

सातवीबद्दल तू विचारशीलच, कारण तिची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. वेढा पडलेलं लेनिनग्राड, उपासमार, 9 ऑगस्ट 1942 ला कार्ल एलियासबर्गने रेडिओच्या वाद्यवृंदातल्या उरल्यासुरल्या आणि बाहेरून जमवलेल्या वादकांना घेऊन ती शहरात वाजवली, लाउडस्पीकरवरून सगळ्यांना ऐकवली. त्याआधीच स्वरलिपी मायक्रोफिल्मवर तेहरान, कैरो करत अमेरिकेला पोचली होती आणि तोस्कानिनीने 19 जुलैला रेडिओवर वाजवली होती. ते तोस्कानिनीचं मिळतं. इतिहास म्हणून ऐक. शोस्ताकोविचला म्हणे ते आवडलं नव्हतं, आणि मलाही. खरं ऐकायचं तर बर्नस्टाइन आणि शिकागो, 1988. जवळजवळ दीड तास. पहिल्या भागात ताशासारख्या ड्रमवर तीच एक साधी, जरा बावळट धून बारा वेळा येते, दर वेळी वाढत. पहिल्या दोन वेळा हसू येतं. आठव्या वेळी येत नाही. शिकागोचे पितळी वाद्यवाले काय चीज आहेत ते तिथे कळतं. पण ही रोज ऐकायची सिम्फनी नाही. मी वर्षातून एकदा ऐकते.

मला मनापासून प्रिय आहे ती आठवी. तुझ्यावर लादणार नाही. 1943 ची, म्राविन्स्कीला अर्पण केलेली. सातवीसारखा विजय हवा होता लोकांना, याने हे दिलं. पहिल्या भागात सगळा वाद्यवृंद किंचाळून थांबतो आणि मग इंग्लिश हॉर्न एकटा बोलायला लागतो, किती वेळ बोलत राहतो. मयताच्या घरी सगळे गेल्यावर एखादी म्हातारी आपल्याशीच बोलत बसते ना, तसं. म्राविन्स्कीचंच घे. 1960 चं लंडनच्या मैफलीचं आहे, आणि 1982 चं लेनिनग्राडचं. दुसऱ्याची एक जुनी सीडी बाजारात आहे ती मूळ पट्टीपेक्षा चढी वाजते, टेपचा वेग चुकल्यामुळे. नंतर दुरुस्त करून निघालेली प्रत मिळते. तू पेटी वाजवतेस, तुला कळेलच. पहिला सूर सी आहे, पांढरी एक. काळी एक लागली तर ती प्रत परत कर. मला हे कळायला सात वर्षं लागली, आणि तोवर मी त्या वाद्यवृंदाच्या 'तळपत्या' आवाजावर लोकांना व्याख्यानं देत होते.

चौथी, ती मागे घेतलेली, पंचवीस वर्षं पडून होती. युद्धात मूळ स्वरलिपी हरवली, मग वादकांच्या सुट्या प्रतींवरून पुन्हा उभी केली. 30 डिसेंबर 1961 ला मॉस्कोत किरिल कोन्द्राशिनने ती पहिल्यांदा लोकांसमोर आणली. त्याचंच ध्वनिमुद्रण ऐक. शंभरावर वादक आणि पहिल्या भागात तंतुवाद्यं एका क्षणी अशी सुसाट सुटतात, की मला वाटतं वाजवणारेही घाबरले असतील. शेवट पाचवीच्या बरोबर उलटा: जयघोष होतो, कोसळतो, आणि चेलेस्टाचे थंडगार थेंब उरतात. पाचवी आणि चौथी लागोपाठ ऐकलीस तर त्या माणसाने काय गिळलं ते कळेल. पण पाचवी आधी, लक्षात ठेव.

कोन्द्राशिनचंच तेरावीचंही. बाबी यार, कीव्हजवळची ती घळ, जिथे 1941 च्या सप्टेंबरात दोन दिवसांत 33 हजारांहून अधिक यहुदी मारले. येव्तुशेन्कोच्या कवितेवर. म्राविन्स्कीने ही वाजवली नाही, आणि त्याच्यात व शोस्ताकोविचमध्ये त्यामुळे आलेला दुरावा बरीच वर्षं राहिला. 18 डिसेंबर 1962 ला, कार्यक्रमाच्या दिवशीच मुख्य गायकाने अंग काढून घेतलं आणि तयारीत ठेवलेला ग्रोमाद्स्की उभा राहिला. दोन दिवसांनंतरच्या मैफलीचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे, त्यात कवितेचे मूळ शब्द आहेत. नंतर वरून दाब आला आणि कवीला काही ओळी बदलाव्या लागल्या. सभागृहातले खोकले ऐकू येतात. मला ते खोकलेही हवे असतात, कारण ती माणसं तिथे येऊन बसली होती हीच मोठी गोष्ट होती.

चौदावी तू एवढ्यात ऐकू नयेस असं मला वाटतं. अकरा गाणी, सगळी मृत्यूवरची. आत्ताच बाबांचं वर्षश्राद्ध झालंय. पुढेमागे ऐकशील तेव्हा बेंजामिन ब्रिटनने 1970 मध्ये ऑल्डबरोच्या महोत्सवात वाजवलेली ऐक, गालिना विश्नेव्हस्काया गायलीय. सिम्फनी ब्रिटनलाच अर्पण केलेली आहे. आणि पंधरावी, शेवटची, खेळण्यांच्या दुकानात सुरू होऊन घड्याळाच्या टिकटिकीत संपणारी, ती कुर्त झांडरलिंगची, क्लीव्हलंडबरोबरची, 1991 ची. झांडरलिंग जर्मनीतून जीव वाचवून रशियात आला आणि लेनिनग्राडमध्ये म्राविन्स्कीच्या शेजारी जवळजवळ वीस वर्षं काढली. त्याला घाई नाही. बाकीचे कंडक्टर त्या टिकटिकीत गूढ शोधतात, हा नुसता वेळ जाऊ देतो.

एवढं सगळं ऐकून झाल्यावर, आणि तोपर्यंत वर्ष जाईल, संच घ्यावासा वाटला तर घे. रुडॉल्फ बारशायचा घे, कोलोनच्या रेडिओ वाद्यवृंदाचा, 1992 ते 2000 या काळात केलेला. चौदावी पहिल्यांदा वाजवणारा तोच. स्वस्त आहे, आणि स्वस्त म्हणून नव्हे, तो माणूस घरातला आहे म्हणून घे. कोन्द्राशिनचा संच सगळ्यात पहिला, सगळ्यात धारदार, पण मेलोडिया या रेकॉर्ड कंपनीचा आवाज कधीकधी पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा लागतो. हायटिंकचा, लंडन आणि ॲम्स्टरडॅमचा, तू टाकलायस तो तोच असणार, अकरा सीडी म्हणालीस त्यावरून वाटलं. (बारशायच्याही अकराच आहेत, तेव्हा तो असेल तर माझं निम्मं व्याख्यान वाया गेलं.) हायटिंक उत्तम आहे, इमारत बांधावी तसा बांधतो, पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याला कोमट वाटण्याची भीती. त्याची चव चाळिशीनंतर कळते. नव्या आवाजात हवं असेल तर व्हासिली पेत्रेन्को, लिव्हरपूलचा वाद्यवृंद.

आणि हे सगळं डबाबंद झालं, बरं का. मुंबईत एनसीपीएचा सिम्फनी वाद्यवृंद 2006 पासून आहे. त्यांच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेव. शोस्ताकोविच कधी लागलाच तर मला आधी कळव, तिकिटं मी काढते.

या शुक्रवारी मुलं झोपली की पाचवी लाव. फक्त पाचवी. आधी म्राविन्स्की, रविवारी बर्नस्टाइन. मध्ये शनिवारी काही ऐकू नकोस. रविवारी रात्री फोन कर, कितीही वाजले तरी चालेल. आणि कार्टमधून तो संच काढलास का, ते आत्ता लगेच मेसेज करून सांग.